विटांच्या लाह्या

"भट्टी पेटवली त्या दिवशी हितं कोण कोण आलं हुतं, आप्पा?"

असं विचारत गणपा वस्तादांनी पंच्यात बांधून आणलेलं गाठोडं आमच्या ओट्यावर सोडलं. आत एक वीट होती. म्हणजे आमच्या भट्टीतून गेली तेव्हा ती वीट होती. आता तिचे कोपरे उडाले होते, देवी आल्यासारखे अंगभर खड्डे पडले होते आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका होता. वस्तादांनी ती दोन्ही हातांत धरून नुसती दाबली, तर तिचे दोन तुकडे झाले.

"गवंड्यानं सांजंला हौदात भिजत घातल्या. सकाळी हौदापशी जातोय तर टप टप टप. खापरात जुंधळ्याच्या लाह्या फुटत्यात तसा आवाज. तालमीची भिंत कमरंएवढी चढली हुती, तिच्या बी खपल्या उडाय लागल्यात. आप्पा, मी तुमच्याकडं विटा मागितल्या हुत्या. लाह्या न्हाई."

आप्पा म्हणजे माझे सासरे, मामंजी. आप्पा कुंभाराच्या विटेला आसपासच्या गावांत नाव होतं. दोन विटा एकमेकींवर मारल्या की खणकन वाजायच्या, नखानं ओरखडा उठायचा नाही. त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यामुळं ते विटेच्या खड्ड्यांवरून नुसती बोटं फिरवत राहिले.

"जाळ कमी पडला आसंल," नामदेवभावजी म्हणाले. हे माझे थोरले दीर. मामंजींची नजर गेल्यापासून भट्टीचा कारभार त्यांच्याकडं होता.

"जाळ कमी पडला की वीट पिवळट ऱ्हाती, वाजत न्हाई," मामंजी म्हणाले. "ही वाजली हुती. मी सोता वाजवून दिली."

"मंग ह्यो विटाळच," वस्ताद म्हणाले. "तालीम म्हंजे मारुतीचं ठाणं. तिथं विटाळ खपत न्हाई. म्हनून इचारतोय, त्या दिवशी भट्टीवर कोण आलं हुतं?"

दाराआड आम्ही तिघी बायका उभ्या होतो. आत्याबाई म्हणजे माझी सासू, माझी जाऊ अनसाक्का आणि मी. अनसाक्का आत्याबाईंच्या कानाला लागली. आत्याबाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

मातीचं नाव कुणी काढलं नाही.

मातीचं नाव मी आधीच काढून बसले होते, तीच तर गंमत. मी सुगंधा. त्या वर्षी या घरात नवी सून होते. माझं माहेरही कुंभाराचंच, पण माण तालुक्यातलं. आमच्याकडं मातीपेक्षा दगड जास्त. चांगली माती सहज मिळत नाही, म्हणून वाईट माती ओळखायला शिकावं लागतं. नवी माती आली की आई चिमूटभर जिभेवर ठेवायची. खारट लागली तर भाजल्यावर वरून पांढरा खार फुटणार. दाताखाली फार कचकचली तर वाळू जास्त, वीट हातात चुरणार. फार चिकट असली तर वाळताना तडकणार. आणि चुरताना बोटांना पांढरे खडे लागले, तर आई ती पाटी तिथंच उपडी करायची.

सासर कृष्णेकाठचं. नदीच्या मळीतला पोयटा बैलगाडीनं आणायचा, तो तडकू नये म्हणून त्यात भाताचं तूस आणि राख घालायची, तुडवायचा, की झालं. पिढ्यान् पिढ्या एकच माती. चांगली माती इतकी अंगवळणी पडलेली, की वाईट माती कशी असते हे या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

त्या वर्षी गावाजवळून कालवा खणला गेला आणि त्यातून निघालेल्या मातीचे ढीग आमच्या भट्टीशेजारी पडले. नामदेवभावजींना आयतंच फावलं. नदीपर्यंत गाड्या हाकायला नकोत, मळीत चिखलात उतरायला नको. पहिल्याच दिवशी मी त्या मातीत हात घातला आणि जोंधळ्याच्या दाण्याएवढे पांढरे खडे बोटांना लागले.

"मामंजी, हिच्यात चुनखडी हाय," मी म्हटलं. "भट्टीत तिचा चुना हुतोय. वीट दिसाय चांगली दिसती, पर पानी लागलं की चुना आतनं फुगतोय."

मामंजींनी ढेकूळ हातात घेतलं. पण तेवढ्यात भावजी हसले. "आप्पा, माणची माणसं आता किष्णाकाठाला माती शिकवाय लागली. तिकडं आंघुळीला पानी न्हाई आन् हितं आम्हाला पान्याच्या गोष्टी सांगत्यात."

सगळे हसले. माझा नवराही हसला. मामंजींनी ढेकूळ खाली टाकलं. "नामाचे डोळे चांगले हायत. त्यो बघंल," म्हणाले.

आमच्या घरात आणखी एक रीत होती. पडवीत पाण्याचा मोठा रांजण होता. तो सतत पाझरायचा, म्हणून त्याच्या बुडाशी कायम ओल. भट्टी खोलली की तिच्यातली एक वीट रांजणाखाली ठेवायची, आणि आठवडाभर ती ओलीत टिकली तरच माल गावात जायचा. त्या वर्षी हनुमान जयंतीच्या आत तालीम उभी करायची म्हणून वस्तादांची घाई, आणि भावजींना तर हातचं गिऱ्हाईक सोडवत नव्हतं. रांजणाखाली जुनीच वीट राहिली आणि नवा माल तालमीवर गेला.

राहिलं भट्टी पेटवण्याच्या दिवसाचं. त्या दिवशी मी भट्टीवर भाकरी घेऊन गेले होते आणि तिथंच मला पाळी आली. मी लपवलं नाही. सरळ घरी आले, अनसाक्काला सांगितलं आणि बाजूला बसले. भट्टीवर तूस कालवायला, कच्च्या विटा वाहायला मजूर बायका होत्या. त्या महिन्याचे चार दिवस घरी बसल्या असत्या तर भट्टी पेटलीच नसती, म्हणून त्यांना कधीच कुणी काही विचारत नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या हातांतून गेलेल्या विटा खणखणीत निघत होत्या. विटाळ फक्त घरच्या सुनेचा, आणि तोही जिनं खरं सांगितलं तिचा.

आत्याबाई बाहेर गेल्या आणि हलक्या आवाजात वस्तादांना सांगून आल्या. कसा म्हणतात तो न्याय, चोर सोडून संन्याशाला फाशी, तो माझ्या डोळ्यांदेखत झाला.

"मामंजी, ती माती बघा," मी दारातूनच म्हटलं. "त्यो पांढरा ठिपका बघा. विटाळ काय पांढरा आसतोय व्हय?"

"गप," आत्याबाई म्हणाल्या. "गड्यामाणसांत त्वांड घालती. लाज हाय का?"

नामदेवभावजी जमिनीकडं बघत होते. त्यांनी एकदा जरी मान वर केली असती तर मला तेव्हाच सगळं कळलं असतं.

निकाल असा लागला, की मी माहेरी जायचं. पुढची भट्टी माझ्यावाचून लावायची.

एस. टी.च्या थांब्यापर्यंत नवरा पोचवायला आला. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. बाळकू. माणूस वाईट नव्हता. घरात कुणी मोठ्यानं बोललं की अंगणात जाऊन बसायचा, एवढाच त्याचा दोष, आणि तेवढा पुरतो.

"दोन म्हैन्याचा तर परश्न हाय," तो म्हणाला. "फुडली भट्टी चांगली उतरली की आणाय येतो."

"आन् चांगली उतरली म्हंजे मीच वाईट ठरले की."

तो थांबला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आन् बिघडली तर?" मी विचारलं.

"तर... तर मंग आय म्हनती, दुसरं बघावं लागंल."

"भट्टी दुसरी का बायकू दुसरी?"

गाडी आली तेव्हा माझी पिशवी त्यानं नीट वर ठेवली आणि खिडकीतून शेंगदाण्याची पुडी दिली. त्या पिशवीत लुगड्यांच्या मध्ये वस्तादांच्या विटेचा अर्धा तुकडा मी गुंडाळून घेतला होता.

आईनं मला काही विचारलं नाही. तुकडा हातात घेतला, हातोडीनं फोडला, आतला एक पांढरा खडा दाखवला आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. खडा फुगला आणि त्याचं पीठ झालं.

"एवढ्यासाठी पोरगी घालवली?" ती म्हणाली. "किष्णाकाठचे कुंभार म्हनवत्यात."

"विटाळ झाला म्हंत्यात."

आई बराच वेळ हात धूत राहिली. मग म्हणाली, "तुझा बाप गेल्यापास्नं चाकावर मी बसती. बाईनं चाकावर बसू न्हाई, हे मला बी ठावं हाय. पर पोटाला चार दिस सुट्टी आसती का? त्या चार दिसातली गाडगी सबंध तालुक्यात पान्याला हायत. एक सुदीक फुटल्यालं न्हाई."

माहेरी होते तोवर मी झोपेतही नामदेवभावजींशी भांडत होते. खरं सांगायचं तर मला बाळकूची आठवण येत होती आणि त्याचाही रागच येत होता. भट्टी बिघडावी असं वाटायचं आणि लगेच भीती वाटायची, कारण बिघडली तरी बळी माझाच जाणार होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पुढं एका दुपारी बाळकू आला. हसतमुख. पिशवीतून पेढे काढले आणि पेढ्यांबरोबर एक वीट. नवी भट्टी कशी उतरली ते सासूला दाखवायला त्यानं वीट आणली होती. कुंभाराचाच पोरगा तो, त्याला याच्याइतकं दुसरं भारी काही वाटलं नसणार.

"घरी बलावलंय," तो म्हणाला. "आप्पानं बी हू म्हटलंय. पर एक हाय. तालमीचं काम आडलंय. वस्ताद म्हंत्यात, तुमच्या सुनंनं मारुतीफुडं नाक घासावं, तालमीच्या दारातनंच, समद्या गावासमोर. मी विटाळ केला, माफी आसावी, म्हनायचं. मंगच त्ये आपली वीट घेनार. न्हाई घासलं तर..." तो अडखळला. "तर हितंच ऱ्हावं म्हनती आय."

मी त्याच्याकडं बघितलंच नाही. मी वीट उचलली होती. बोटं फिरवली, तुटक्या कडेवर नख घासलं. एकही पांढरा ठिपका नाही. आतून बारीक, जळालेल्या तुसाची नक्षी. ही माती मी ओळखत होते.

"ही माती कुठली?"

"म्हंजे?"

"कालव्याची का नदीची?"

"नदीची," तो सहज म्हणाला. "दादानंच गाड्या जुपाय लावल्या. नदीची माती आणा म्हनला. कालव्याचा ढीग हाय तसाच हाय."

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मला त्या क्षणी ओरडावंसंही वाटलं नाही. सगळं इतकं लख्ख दिसलं. माती वाईट आहे हे नामदेवभावजींना समजलं होतं. वस्तादांनी वीट आणली त्याच दिवशी समजलं होतं, म्हणून तर मान वर झाली नाही. गुपचूप त्यांनी माती बदलली. नदीपर्यंत गाड्या हाकल्या, चिखलात उतरले, सगळं केलं. फक्त एक वाक्य बोलायचं राहून गेलं. भट्टी चांगली उतरली आणि सबंध गावात सिद्ध झालं, की सुगंधा नव्हती म्हणून उतरली.

"तुमच्या दादाला ठावं हुतं," मी म्हटलं.

बाळकूनं विटेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. हळूहळू त्याचा चेहरा उतरला. मंदबुद्धी नव्हता तो. विचारच करायचा नाही, असं त्याला घरानं शिकवलं होतं.

"मी सांगतो आप्पाला," तो म्हणाला.

"तुम्ही काय सांगनार न्हाई. मीच येती. नाक घासायचं त्ये मारुतीच्या कट्ट्याच्या विटा निघतील त्या दिवशी घासीन म्हनावं. तवर न्हाई."

सासरी परत आले तेव्हा तालमीच्या विटांसाठी तिसऱ्या भट्टीची थापणी चालू होती; दुसरीचा माल एवढ्या कामाला पुरणारा नव्हता. तालमीच्या भिंती आणि आत मारुतीची मूर्ती ठेवायचा कट्टा, असं काम होतं. मी आल्या दिवशीच सगळ्यांसमोर मामंजींना म्हटलं, "मामंजी, त्यो कालव्याचा ढीग तसाच पडलाय. माती वाईट न्हवती ना? मंग चार विटा त्याच्या थापा की. तुम्ही सोता. आंघूळ करून, सोवळ्यात. ह्याच भट्टीत भाजू. इटाळाचा गुण का मातीचा गुण, हुडकून तरी काढू."

"काय नगं," नामदेवभावजी एकदम म्हणाले. "ती माती परत कशापायी?"

"का?" मामंजींनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "मातीत काय हाय?"

"काय न्हाई."

"मंग थापाय काय हरकत?"

भावजी साच्याला लागलेली माती खरवडू लागले. मामंजींनी अनसाक्काला आंघोळीचं पाणी काढायला सांगितलं. बाईमाणसाच्या बाबतीत ते कसेही असोत, पण आपली भट्टी का बिघडली हे न कळल्यानं त्या माणसाची झोप उडाली होती. सोवळं नेसून, चाचपडत, त्यांनी कालव्याच्या मातीच्या विटा थापल्या. आत्याबाईंनी त्यांवर हळदकुंकूही वाहिलं.

त्याच आठवड्यात माझी पाळी आली. मागच्या वेळी खरं सांगून पाहिलं होतं. या वेळी कुणाला काही सांगितलं नाही. पहाटे उठून भाकरी थापल्या, त्या सगळ्यांनी खाल्ल्या, कुणाच्या पोटात दुखलं नाही. मग साचा घेऊन नदीच्या मातीच्या विटा थापायला बसले. चारही दिवस बसले. चिखल नीट तिंबलेला, तूस सारखं मिसळलेलं, साचा प्रत्येक वेळी राखेनं पुसलेला. इतक्या निगुतीनं मी आयुष्यात काही केलं नसेल. आणि प्रत्येक कच्च्या विटेच्या पाठीवर माझा अंगठा दाबला.

भट्टी लावताना मामंजींच्या विटा माझ्या विटांना लागूनच रचायला मी बाळकूला सांगितलं. जाळ एकच, राख एकच. भट्टी निवून खोलली तेव्हा दोघांच्याही विटा सारख्याच लालभडक, सारख्याच खणखणीत. या वेळी रांजणाखाली वीट ठेवायची रीत मोडू द्यायची नाही, असं मामंजींनी बजावलं होतं. मी दोन ठेवल्या. एक त्यांची, एक माझी.

मामंजी सकाळचा चहा पडवीत, रांजणाजवळच्या बाजल्यावर बसून प्यायचे. एका सकाळी त्यांची कपबशी तोंडापाशीच थांबली.

टप.

मग पुन्हा एकदा. टप.

नजर गेलेल्या माणसाला आवाज आधी कळतो. ते उठले, रांजणापाशी उकिडवे बसले आणि बोटांनी चाचपू लागले. एका विटेचा कोपरा त्यांच्या हातातच आला. तो त्यांनी बोटांत चुरडला. पांढरं पीठ.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमची, मामंजी. सोवळ्यात थापल्याली. कालव्याची माती."

आता पडवीत सगळेच जमले होते. आत्याबाई, अनसाक्का, बाळकू, दातण हातात घेऊन नामदेवभावजी. मामंजींनी दुसरी वीट उचलली. चारी कडांवरून हात फिरवला, बोटाच्या पेरानं वाजवली, कानाशी धरली. त्यांचा अंगठा तिच्या पाठीवरच्या खोलगट ठशात बसला.

"झ्याक वीट हाय. कवाबी फुटायची न्हाई. ह्यो अंगठा कुणाचा?"

"माझा."

"चांगली थापलीस."

"मी भाईरची हुते तवा थापली," मी म्हटलं. "चारी दिस थापत हुते. भट्टीत आंगठ्याच्या जेवढ्या विटा हायत, तेवढ्या समद्या त्या चार दिसातल्या."

आत्याबाईंनी रांजणावर टेकलेला हात मागं घेतला. अनसाक्कानं पदर तोंडाला लावला.

"आप्पा, भट्टी बाटवली हिनं," नामदेवभावजी ओरडले. "समदी भट्टी बाटवली. मी सांगत हुतो..."

"थांब, नामा," मामंजी म्हणाले. दोन्ही विटा दोन हातांत घेऊन ते तसेच बसून होते. "बाटली आसती तर हिची फुटाय पायजे हुती. फुटली माझी."

त्यांनी नामदेवभावजींच्या दिशेनं तोंड वळवलं.

"मागल्या भट्टीला तू कालव्याची माती का घेतली न्हाईस?" मामंजींनी विचारलं.

भावजी दातण चघळत राहिले.

"नामा, इचारतोय मी."

"दिसली हुती मला चुनखडी," शेवटी ते म्हणाले. "पयल्या भट्टीनंतर. पर वस्तादाफुडं तुमचं नाव जाईल म्हनून..."

"माझं नाव जाईल म्हनून," मामंजी म्हणाले. मग विटा खाली ठेवल्या आणि उठले. "त्यो ढीग आजच्या आज हितनं हलीव. एक ढेकूळ दिसता कामा न्हाई."

एवढं बोलून ते आत निघाले. माझ्याकडं वळलेसुद्धा नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मामंजी," मी म्हटलं, "मातीचा निकाल लागला. आन् माझ्या नाकाचा?"

ते दारात थांबले. "बघू," म्हणाले.

बघू. ज्या दिवशी मला घालवलं त्या दिवशी कुणीही बघू म्हटलं नव्हतं. तेव्हा सगळ्यांना लगेच दिसलं होतं.

वस्ताद गाडी घेऊन आले तेव्हा अख्खं कुंभारवाड्याचं आवार लोकांनी भरलं होतं. नवी सून नाक घासणार, हे बघायला माणसं हाक न मारता येतात. वस्तादांनी ढिगातल्या विटा एकेक घेऊन वाजवून बघायला सुरुवात केली. एकदा तोंड पोळलेला माणूस, ताकही फुंकून पिणारच. वाजवता वाजवता अंगठ्याची एक वीट त्यांच्या हाताला लागली. त्यांनी ती दोनदा वाजवली, मग दुसरी, मग तिसरी.

"आप्पा, ह्या आंगठ्याच्या इटा लई झ्याक हायत," ते म्हणाले. "ह्या तेवढ्या येगळ्या काढा. ह्या कट्ट्याला. मारुतीच्या बुडाखाली हीच वीट पायजे."

आत्याबाईंनी माझा दंड धरला. नामदेवभावजी बैलांच्या मागं जाऊन उभे राहिले. बाळकूनं मात्र या वेळी पळ काढला नाही. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, एवढं त्याच्या बाजूनं नोंदवते.

"आन् सूनबाईचं कसं करायचं?" वस्तादांनी विचारलं. "आत्ताच यायचं का तालमीपतुर?"

सगळ्यांनी मामंजींकडं पाहिलं. मीही पाहिलं. ते म्हणाले असते की चल, तर मी पिशवी भरूनच ठेवली होती. नाक घासणार नव्हते. माहेरी जाऊन आईच्या चाकावर बसणार होते. आणि जाण्याआधी त्या विटा कधी थापल्या हे सगळ्या गावाला ओरडून सांगणार होते.

"न्हाई घासायचं," मामंजी म्हणाले.

"आँ?"

"माती वाईट हुती. चुनखडीची. चूक माझ्या घरच्या कारभाराची हुती. माती बदलली. वीट वाजवून घेतलीस न्हवं?"

"घेतली की."

"मंग घिऊन जा."

वस्ताद थोडा वेळ डोकं खाजवत उभे राहिले. पण हातातली वीट खोटी नव्हती. मामंजी ढिगापाशी गेले, चाचपडत एकेक वीट उचलू लागले. पाठीवर अंगठा फिरवायचा, ठसा लागला की ती वीट स्वतः गाडीत नेऊन ठेवायची. बाळकू मदतीला गेला, तर त्याला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ह्या मीच भरतो." अंगठ्याची एकही वीट त्यांनी मागं ठेवली नाही.

त्यांचं सांगणं ते एवढंच. सुनेवर अन्याय झाला, हे वाक्य त्यांच्या तोंडून शेवटपर्यंत निघालं नाही. मी त्यांना त्यासाठी अजून माफ केलेलं नाही, आणि त्या विटा भरताना वाकलेली त्यांची पाठही विसरले नाही.

तालीम अजून आहे. दोनदा कृष्णेचा पूर तिच्या खिडक्यांपर्यंत चढला. भिंतींचा गिलावा गेला, दरवाजा वाहून गेला, कट्टा जिथं होता तिथं आहे. पोरं शड्डू ठोकण्याआधी त्याला डोकं टेकतात. शनिवारी सगळं गाव तिथं तेल वाहतं. नामदेवभावजींनी चालता येत होतं तोवर एकही शनिवार चुकवला नाही.

मी दारातूनच हात जोडते. बायकांना आत जायची बंदी आहे. कट्ट्याला विटाळ होतो म्हणतात.